पान तेवीसची पाठ

मास्तरांकडे सफारी शिवायला गेलेल्या माणसाला टेप लावायच्या आधी एकच प्रश्न यायचा. "कुटं जायाचंय?"

माणूस गोंधळायचा. अहो, टेलरकडे आलोय, तिकीट खिडकीवर नाही, असं काहीतरी पुटपुटायचा. मग मास्तर चष्मा कपाळावर ढकलून समजावायचे, "ठिकाण सांगा की. रानात जायाचं आसंल तर खिसं वेगळं, फटफटीवर जायाचं आसंल तर वेगळं. आन् कुटंच जायाचं न्हाय तर सफारी कशाला? लेंगा शिवा." आणि खरंच, कुठंच न जाणाऱ्या माणसाला ते परत पाठवायचे. पलीकडच्या गल्लीत दुसरा एक टेलर होता. त्याचा अर्धाअधिक धंदा आमच्या मास्तरांनी हाकललेल्या गिऱ्हाइकांवर चालायचा.

मी मास्तरांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. मूळची मी नातेपुत्याची. सोलापुरात मुलींच्या शाळेत इंग्रजीची शिक्षिका म्हणून लागले आणि पूर्व भागात, जिथं सकाळी डोळे उघडायच्या आत यंत्रमागांची खटखट सुरू होते, तिथं ही खोली मिळाली. दोन वर्षांसाठी घेतली होती, रिटायर होईपर्यंत सोडली नाही. मास्तर जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांच्याबद्दल लोक बरंच काय काय सांगतात, त्यातलं निम्मं खरं आहे. एका गोष्टीचा तेवढा लोकांना पत्ता नाही, आणि ती सांगताना माझी मान अजून खाली जाते. पण सांगते.

दिसायला मास्तर काटकुळे. अंगात बारा महिने स्वतः शिवलेली खाकी सफारी, मग पारा चव्वेचाळीसवर का जाईना. चार खिसे, प्रत्येकात ठरलेली वस्तू. वरच्या डाव्यात खडू, वरच्या उजव्यात चष्म्याचं घर, खालच्या डाव्यात टाचण्यांची डबी आणि खालच्या उजव्यात सुपारी. ही सुपारी अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, माहीत नाही असा त्यांचा समज होता. सगळ्या पूर्व भागाला माहीत होती. प्रवासाला मात्र त्यांनी सफारी कधी घातली नाही. वर्षा-दोन वर्षांनी तेलंगणात सासुरवाडीला लग्नाबिग्नाला निघाले की पांढरा लेंगा आणि सदरा. मी एकदा न राहवून विचारलं, "मास्तर, प्रवासाचे कपडे तुम्ही घरात घालता आणि प्रवासाला लेंगा?"

"गाडीत चुरगळती की, बाई," ते म्हणाले.

घरात तेलुगू. बाप, आजा सगळे विणकर, मास्तरांनीच पहिल्यांदा माग सोडून कात्री धरली. अक्का नवऱ्याला 'एमंडी', म्हणजे 'अहो', अशी हाक मारायच्या आणि मला 'पंतुलम्मा', म्हणजे मास्तरीणबाई. पहिल्या महिन्यात मला त्यांचं एक अक्षर कळायचं नाही आणि त्यांना माझं. तरी आम्ही जिन्यात उभ्या राहून तासभर बोलायचो.

आता पुस्तकाचं सांगते, कारण पुस्तकाशिवाय मास्तर म्हणजे बिनदोऱ्याची सुई.

शहरातली एक गिरणी बंद पडली, साहेबाचा बंगला रिकामा झाला आणि सगळी रद्दी हातगाड्यांवर आली. त्या रद्दीत मास्तरांना सात पुस्तकं सापडली. पुस्तकं कसली, परदेशातल्या एका कंपनीचे जुने कॅटलॉग होते ते. जंगलात, वाळवंटात, कुठंकुठं फिरायला जाणाऱ्या लोकांनी हे चाळायचे, आतला फॉर्म भरून पाठवायचा आणि पोस्टानं घरी कपडे. फोटो एकही नाही, सगळी हातानं काढलेली चित्रं. शर्टाशेजारी जांभई देणारा सिंह. टोपी तोंडावर घेऊन झोपलेला माणूस. पँटच्या खिशातून डोकं काढणारं माकड. आणि प्रत्येक कपड्याखाली आठदहा ओळींचा मजकूर.

मास्तरांना इंग्रजीतले आकडे यायचे आणि मापाची अक्षरं. तेवढ्यावर त्यांनी ती सातही पुस्तकं तोंडपाठ केली होती. कपड्यांची नावं पानावरून. 'पान सतराची पँट', 'पान चाळीसचा शर्ट'. गिऱ्हाइकंही तशीच बोलायला लागली. पुस्तकं लोखंडी ट्रंकेत, ट्रंकेवर देवाचा फोटो, आणि हात धुतल्याशिवाय पान उलटायचं नाही. मधे घातलेला फॉर्म कोराच होता. मी म्हटलं, भरून पाठवून बघू या का गंमत म्हणून, तर माझ्या अंगावरच आले. "एकदा भरला की संपला की, बाई!"

पुस्तकात जे आहे ते आहे, जे नाही ते नाही. एक नगरसेवक सफारी शिवायला आले. त्यांना सोनेरी गुंड्या हव्या होत्या.

"सोनेरी न्हाय बसत," मास्तर म्हणाले.

"का?"

"लांबनं चमकत्यात. जनावर सावध हुतंय."

"मास्तर, मी वॉर्डात फिरणार आहे. जनावर कुठलं?"

"पुस्तकात साधी गुंडी हाय, सायेब."

नगरसेवक चिडून गेले, गल्लीत तोंडसुख घेतलं, आणि महिन्याभरानं गुपचूप येऊन साध्या गुंडीची सफारी शिवून नेली. कारण काही म्हणा, मास्तरांच्या हाताला तोड नव्हती.

कपडा ठरला की गिऱ्हाइकानं आपले खिसे टेबलावर रिकामे करायचे. मास्तर प्रत्येक वस्तू हातात घेऊन तिचं माप घेणार. "खिसा मानसासाटी नसतो, वस्तूसाटी आसतो." माळशिरसकडचे एक गुरांचे डॉक्टर यायचे. त्यांच्या खिशातून थर्मामीटर निघाला, सुतळी निघाली आणि गुळाचा खडा.

"गूळ कशाला?"

"म्हशीला लाच," डॉक्टर म्हणाले.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी गुळासाठी मेणकापडाचं अस्तर लावलेला वेगळा खिसा शिवून दिला, मुंग्या लागू नयेत म्हणून. डॉक्टर त्या खिशावर इतके खूश की तिथून पुढं मरेपर्यंत दुसऱ्या कुणाकडे शिवलं नाही.

आणि प्रवास झाला की कपडा परत आणून दाखवायचा, हा नियम. ते खिसे उलटे करून बघायचे, कॉलर हुंगायचे, शिवणीत अडकलेलं कुसळ चिमटीनं काढून उजेडात धरायचे. मोजणी खात्यातला एक कारकून चार महिने रानोमाळ फिरल्याच्या गप्पा मारत आला. मास्तरांनी त्याच्या पँटची बैठक बघितली आणि म्हणाले, "ह्ये खुर्चीचं घासनं हाय, सायेब. रानाचं न्हाय." कारकुनाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. कपड्यातलं खोटं मास्तरांना एका नजरेत कळायचं. कागदातलं कळत नव्हतं, कारण कागद वाचणारी मी होते.

तर तो पहिला रविवार. मला राहायला येऊन पंधरा दिवस झालेले. मी इंग्रजीची शिक्षिका आहे हे कळल्यापासून मास्तर नुसते घुटमळत होते. शेवटी अक्कांनी मला खाली बोलावलं. कटिंगच्या टेबलावर पांढरी चादर अंथरलेली, वर पुस्तक, आणि भोवती मास्तर, अक्का, दोन कारागीर, शिवाय बाई इंग्रजी वाचणार म्हणून ऐकायला आलेले चार शेजारी. पुस्तक उघडलं ते तेविसाव्या पानावर. नदीकाठी खोक्यावर बसलेला एक गोरा आणि त्याच्या अंगात जाकीट.

"बाई," मास्तर म्हणाले, "पुडचं मला दिसतंय. चार खिसं, पट्टा, खांद्यावर पट्टी. आट वर्सं बगतोय. पन चित्र पुडनंच काडलंय. पाटीला काय हाय त्ये लिवलंय का बगा की. पाट कळल्याबिगार मी ह्याला कात्री लावनार न्हाय."

मी मजकूर बघितला. मी पाठ्यपुस्तकातलं इंग्रजी शिकलेली. गायीवर दहा ओळी लिहा, आजारी असल्याबद्दल रजेचा अर्ज करा, तसलं. इथं गसेट, प्लॅकेट, एपोलेट असले शब्द. एक माणूस, एक नदी, एक बोट एवढं कळलं. पाठीबद्दल काही दिसेना. 'मला येत नाही' म्हणायला हवं होतं. पण वय तेवीस, बी.एड. नुकतं झालेलं, नाक वर, आणि आठ माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत. इंग्रजीच्या बाईला इंग्रजी येत नाही ही बातमी शाळेत पोचायला सोलापुरात किती वेळ लागतो?

"पाठीला मोठा आडवा खिसा असतो," मी म्हणाले. "बरोबर मधोमध. आतून. बाहेरून दिसत नाही, दोन्ही कुशीतून हात जातो."

"त्यात काय ठिवत्यात?"

"शिदोरी."

हे कुठून सुचलं ते मला तेव्हाच कळलं होतं. माझे अण्णा सायकलवरून आठवडी बाजारांना कटलरी विकायला जायचे. हँडलला बांगड्यांच्या माळा, कॅरिअरला पेटी. भाकरी ठेवायला सायकलवर जागाच उरायची नाही, म्हणून ती पंच्यात गुंडाळून पाठीशी बांधायचे. थाप मारायची वेळ आली तेव्हा मला माझ्या बापाची पाठ आठवली, दुसरं काय!

मास्तरांचा चेहरा असा फुलला की मला अजून दिसतो. "आँ? म्हंजी गोरा बी भाकरी बांदून जातो म्हना की!" त्यांनी अक्कांना तेलुगूत सांगितलं, अक्कांनी शेजारणीला सांगितलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी जाकीट घालून आत्ताच आफ्रिकेतून आले.

आठ दिवसांत जाकीट तयार. आणि चाललं हो ते! ट्रकचे ड्रायव्हर, उसाच्या गाड्यांवरचे लोक, कुर्डुवाडीचे रेल्वेवाले, फिरतीवरचे एजंट. 'शिदोरी सफारी' असं नावच पडलं. लांबलांबून माणसं विचारत यायची. मास्तर प्रत्येकाला पान तेवीस उघडून दाखवायचे आणि म्हणायचे, "पाटीचा खिसा चित्रात न्हाय, पन लिवलाय. बाईंनी वाचलाय." मी जिन्यावरून जात असले तर मला हाक मारून साक्ष काढायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं व्हायचं. मी मान हलवायची आणि पळायची.

दुसऱ्याच महिन्यात मी पगारातून जाडजूड शब्दकोश आणला. तिथून पुढं दर रविवारी जे वाचलं ते खरं वाचलं, अडलं तर 'थांबा, बघून सांगते' म्हणायला शिकले. खरं सांगायचं तर माझं इंग्रजी त्या सात कॅटलॉगांनीच सुधारलं. पान तेवीसही नीट लागलं. त्यात पाठीबद्दल अवाक्षर नव्हतं. मास्तरांना मी ते सांगणार होते, अगदी ठरवलं होतं. तेवढ्यात कॉलरची भानगड झाली.

झालं असं, की एका पुस्तकाची दोन पानं चिकटलेली होती. पावसाळ्यात ती सुटली आणि मास्तरांना कळलं की पान चाळीसच्या शर्टाची कॉलर आपण इतके दिवस अर्धा बोट चुकीची कापतोय. माणूस दोन दिवस जेवला नाही. दुकान बंद. मग अकरा गिऱ्हाइकांच्या घरी स्वतः चालत गेले, लोकांच्या अंगावरचे शर्ट मागून आणले, कॉलरी उसवल्या आणि पुन्हा लावून दिल्या. लोक म्हणत होते, मास्तर, आमची काही तक्रार नाही. मास्तर म्हणाले, "माजी हाय." त्या दिवसांत अक्का मला जिन्यात म्हणाल्या, "पंतुलम्मा, परत अशी चूक निघाली तर हा माणूस कात्री खाली ठेवणार. मी ओळखते ह्याला."

मग कुणाची छाती होणार? अकरा कॉलरींपायी दोन दिवस उपाशी राहणारा माणूस, त्याला शेकडो जाकिटांची पाठ खोटी आहे हे मी सांगू? मी गप्प बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाला समजावत चोवीस वर्षं काढली. पण दर वर्षी ती मूठ जड होत गेली. मास्तरांवर माझा जीव होता. माझे अण्णा गेले तेव्हा नातेपुत्याला धोतर-पांघरूण घेऊन सगळ्यात आधी मास्तर पोचले होते. अशा माणसाला मी फसवत होते, रोज, त्याच्याच छपराखाली राहून.

आणि एका मंगळवारी शाळेतून आले तर कारागीर जिन्यापाशी उभा. "बाई, मास्तरांनी बोलवलंय. पान तेवीस आलंय."

"आलंय म्हणजे?"

"खरं. अंगात घालायचं."

पुण्याचा एक गृहस्थ होता, चाळिशीचा, जुने प्रवासी कपडे जमवायचा नाद असलेला. त्यानं त्या कंपनीचं मूळ जाकीट परदेशातून मिळवलं होतं. कोपरापाशी विरलं होतं, आणि असं काम सोलापूरचे एक मास्तरच करतील असं त्याला कुणीतरी सांगितलं. मी आत गेले तेव्हा जाकीट पांढऱ्या चादरीवर होतं, छाती वर करून. मास्तरांनी आंघोळ केली होती, दुपारी चार वाजता. अक्का दारात. पुण्याचे गृहस्थ स्टुलावर, चहाचा कप हातात, काही बोलायला तोंड उघडत होते आणि मास्तर त्यांना हातानं थांबवत होते.

"तासभर झाला आलंय," मास्तर मला म्हणाले. "पालतं केलं न्हाय. म्हटलं, वाचलंय बाईंनी, तर बगायचं बी बाईंच्या म्होरंच."

ट्रंकेतलं पुस्तक त्यांनी काढून ठेवलंच होतं. "आदी येकदा वाचा," ते म्हणाले, "मग पालतं करू."

मी पुस्तक हातात घेतलं. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. जाकिटानं सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. आणि मी पान तेवीस पहिल्यांदा खरं वाचून दाखवलं. "हे जाकीट घालून आमचे एक मित्र नदीकाठी नऊ दिवस बोटीची वाट बघत बसले. बोट आली नाही. मित्र कंटाळले, पण जाकीट कंटाळलं नाही. दहाव्या दिवशी ते चालत निघाले. खिशांना दुहेरी शिवण, खांद्याला पट्टी, कापड सुती." पुस्तक मिटलं. "एवढंच आहे, मास्तर. पाठीचं काही लिहिलेलं नाही. कधीच नव्हतं. मला तेव्हा वाचता आलं नाही, आणि तसं म्हणायची लाज वाटली. मी खोटं सांगितलं."

पुण्याच्या माणसानं कप हळूच खाली ठेवला. मास्तरांनी जाकिटाच्या दोन्ही खांद्यांना धरून ते पालथं केलं. साधी पाठ. मधे एक उभी शिवण, खाली पट्ट्याचा तुकडा, बास. त्यांनी त्यावरून तळहात फिरवला, वरून खाली, दोनदा. आत हात घालून चाचपलं. काही नाही.

"मास्तर..." मी म्हणाले.

त्यांनी ऐकलं नाही. खाली बसले, कोपराला आतून कापड लावलं, असं रफू केलं की पुण्याच्या माणसाला जागा सापडेना. जाकीट घडी करून त्याच्या हातात दिलं. पुस्तक ट्रंकेत ठेवलं. आणि भर बाजाराच्या वेळेला शटर ओढून घेतलं. कात्री टेबलावर तशीच उघडी पडली होती, ती त्यांनी मिटूनही ठेवली नाही. मी वर गेले आणि ढसाढसा रडले. चोवीस वर्षं ज्याची भीती होती ते मी माझ्या तोंडानं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी नेमकी शाळेला सुट्टी, नाहीतर पळून तरी गेले असते. खालून मशिनचा आवाज नाही. दहाच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. मास्तर माझ्या खोलीत कधी आले नव्हते. एकट्या बाईची खोली, तिथं घरमालकानं पाय ठेवायचा नाही, हा त्यांचा नियम. आज दारात उभे होते, मागं अक्का. गळ्यात टेप.

"बाई, खरं सांगा. त्यो खिसा कुनाचा?"

"माझ्या अण्णांचा," मी म्हणाले. "खिसा नव्हता, पंचा होता. त्यात भाकरी बांधायचे."

"पाटीवर मधोमध?"

"नाही. डावीकडे. कमरेच्या जरा वर, जो खोलगट भाग असतो ना, तिथं. मधोमध कशी बांधतील? सायकलवर वाकलं की मोडेल की."

मास्तरांनी डोळे मिटले. "मग मला मधोमध का सांगितलासा?"

"इंग्रजी वाटावं म्हणून."

अक्का फस्सकन हसल्या. मास्तर हसले नाहीत. ते आत आले आणि दोरीवरचा माझा पंचा ओढून माझ्या हातात दिला. "बांदून दावा. अन्ना बांदायचे तसं."

मी बांधला. साडीवरून, बावळटासारखी, डब्यातली कालची भाकरी आत घालून. त्यांनी मला पाठमोरी उभी केली, टेप काढली, आणि अक्कांच्या हातात दिली. स्वतः बोटही न लावता हातभर अंतरावरून सांगायला लागले. मानेपासून किती, कुशीपासून किती, आता वाका, आता सरळ व्हा. अक्का आकडे वाचत होत्या, ते खडूनं माझ्या भिंतीवर लिहीत होते. मी चोरून मान वळवून बघितलं. मला वाटलं होतं रात्रीत हा माणूस म्हातारा झाला असेल. कसला! लग्नघरातल्या माणसासारखी लगबग चालली होती.

"चोवीस वर्सं," ते भिंतीशी बोलत होते. "डायवर येऊन सांगत्यात, मास्तर, भाकरी मोडती. रेल्वेवालं सांगत्यात. डाक्टर सांगून सांगून मेले. मी काय म्हनायचो? कंपनीचं हाय, मला हात लावता येत न्हाय, तुमीच ताट बसा! लोकास्नी ताट बसवलं हो मी, उसाच्या गाडीवर! आता कंपनीचं न्हाय म्हटल्यावर माजं मला बदलता येतंय की. डावीकडं घेतो, चार बोटं खाली."

"म्हणजे शिवणार आहात?"

"मग काय करू? बसून ऱ्हाऊ?"

माझ्या डोळ्यांना धार लागली. हात वर धरलेले, त्यामुळं पुसताही येईना. "मास्तर, रागावलात माझ्यावर?"

"व्हय. लई."

"खोटं बोलले म्हणून..."

"खोट्याचं ऱ्हाऊ द्या," मास्तर म्हणाले. "तवाच सांगाया काय झालं हुतं? हलू नका. किती भाकऱ्या मोडल्या, बाई, तुमच्यापायी!"